येरवडा, मिरज आणि माणदेश

सातारा-सांगलीकडं कुणी विचित्र वागायला लागलं की आजही तोंडातून सहज निघतं, "येरवड्याला घालवा याला." राज्यात शासनाची मनोरुग्णालयं चारच: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. १९१२ च्या कायद्यानं तिथली भरती बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं व्हायची. त्यामुळं मनाचा आजार म्हणजे पोलीस, कोर्ट आणि घराण्याला बट्टा, हे समीकरण पक्कं झालं. पोरीचं लग्न मोडेल म्हणून लोक गप्प बसत.

शरीराच्या दुखण्यासाठी मात्र मिरज होतं. मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना सुरू केला आणि "मिरजेला दाखवून आलो" हे अभिमानानं सांगायची रीत पडली. त्यातून मनाचं दुखणंही अंगाचं होऊनच दवाखान्यात जायचं.

माण, खटाव, आटपाडी, खानापूर हा दुष्काळी पट्टा. इथले पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी देशभर पांगले. जावळी-पाटणचे मुंबईत गिरणीत, माथाडीत गेले. मागं शेत, म्हातारी माणसं आणि पोरं बाईच्या गळ्यात. माणातल्या आमच्या शेजारच्या काकींची कापडी पिशवी मी पाहिली आहे. ईसीजीच्या चार पट्ट्या, सगळ्या नॉर्मल. छातीत धडधड, आत नुसतं काहूर. उपाय काय, तर सलाईन. आणि अमावस्येला देवऋषी.

देवऋषाच्या या वाटेत सर्वांत नेटानं आडवे उभे राहिले ते साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर. त्यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं गुन्हा ठरलं. साताऱ्यातलं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्रही त्यांच्याच कामातून उभं राहिलं. पुरुषांचं दुःख दारूतून निदान दिसतं तरी; बायकांचं दिसतच नाही, असं मला वाटतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत साधारण दहापैकी एका प्रौढाला मानसिक आजार आढळला आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना होते. पाहणी १२ राज्यांत झाली, महाराष्ट्र त्यात नव्हता. काकी त्या आकड्यांतही नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क झाला. २०२२ पासून टेलिमानस या फोनवरून मनाच्या आजारासाठी मदत देणाऱ्या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पण घरात फोन एकच, तोही पोराच्या हातात, आणि बोलायला आडोसा नाही. "झोप कधीपासून लागत नाही?" हे काकींना पहिल्यांदा विचारलं ते आमच्या वाडीच्या 'आशा' आरोग्यसेविका ताईंनी, चुलीपुढं बसून.