फशानू ते डॅनियल्स : मधली ३१ वर्षं

एखादा फुटबॉलपटू 'मी गे आहे' म्हणाला की दोन दिवसात चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते, होमोफोबिया (गे लोकांचा द्वेष) आणि रेसिझम सारखंच का? एक बाजू म्हणते द्वेष तो द्वेष. दुसरी म्हणते काळ्या माणसाला कातडी घरी ठेवून येता येत नाही, गे माणसाने सांगितलं नाही तर कुणाला कळतंय. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण ज्या माणसापासून इंग्लंडमधे हा विषय सुरू होतो तो काळाही होता आणि गेही, आणि त्याने दोन्हीकडून खाल्ली.

जस्टिन फशानू. जन्म १९६१, लंडन, वडील नायजेरियाचे आणि आई गयानाची, ते वेगळे झाल्यावर हा आणि धाकटा भाऊ जॉन आधी बालगृहात आणि मग नॉरफोकमधल्या एका गोऱ्या कुटुंबात वाढले. नॉरिच सिटीकडून खेळताना फेब्रुवारी १९८० मधे लिव्हरपूलविरुद्ध त्याने मारलेला गोल मिळाला तर बघाच, गोलकडे पाठ, उजव्या पायाने बॉल वर उचलला, जागेवर वळला आणि तो खाली यायच्या आत डाव्या पायाने थेट जाळीत. मॅच नॉरिच ५-३ अशी हरली पण बीबीसीचा त्या सीझनचा सर्वोत्तम गोल हाच ठरला. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला १० लाख पाउंडाला घेतला, एवढी किंमत आलेला ब्रिटनमधला पहिला काळा खेळाडू.

फॉरेस्टचा मॅनेजर ब्रायन क्लफ, लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. ह्याच क्लफच्या टीममधे व्हिव्ह अँडरसन होता, १९७८ मधे इंग्लंडच्या सीनियर टीममधून खेळलेला पहिला काळा खेळाडू. कार्लाइलला एका मॅचमधे तो वॉर्म-अप करत असताना लोकांनी फळं फेकून मारली, तो परत येऊन बसला तर क्लफ म्हणे बाहेर जा परत, आणि येताना माझ्यासाठी दोन नासपती आणि एक केळं घेऊन ये. अँडरसन हा किस्सा आजही हसत सांगतो, क्लफचं म्हणणं असं की त्यांना घाबरून बसलास तर संपलास. चांगलं की वाईट ते सोडा, पण मॅनेजर आपल्या पोराच्या बाजूने उभा होता.

आता तोच मॅनेजर फशानूशी कसा वागला बघा. हा गे क्लबमधे जातो असं कानावर आल्यावर क्लफने त्याला बोलावलं, ब्रेड हवा असेल तर कुठे जातोस, बेकरीत, मटण हवं असेल तर, खाटकाकडे, मग त्या अमक्या क्लबमधे कशाला जातोस (मूळ शब्द शिवीच आहे). हे क्लफने स्वतःच्याच आत्मचरित्रात लिहिलंय, कुणी मागून केलेला आरोप नाही. पुढे ट्रेनिंगला बंदी, आणि तरी आला म्हणून पोलिस बोलावून बाहेर काढला. १९८२ मधे १० लाखाचा खेळाडू दीड लाखाला नॉट्स काउंटीला विकून टाकला. रेसिझम बाहेरून, स्टँडमधून येत होता आणि त्याला कसं तोंड द्यायचं ते मॅनेजर शिकवत होता, होमोफोबिया त्या मॅनेजरच्याच केबिनमधे बसला होता. मला विचाराल तर दोन्हीमधला खरा फरक इथे आहे, लपवता येतं की नाही ह्यात नाही.

ऑक्टोबर १९९० मधे 'द सन' ह्या पेपरच्या पहिल्या पानावर त्याने जाहीर केलं की मी गे आहे. तोवर जॉनही मोठा खेळाडू झाला होता, विंबल्डनचा स्ट्रायकर. त्याने काळ्या ब्रिटिश समाजाच्या 'द व्हॉइस' ह्या पेपरला मुलाखत देऊन सख्ख्या भावाला वाळीत टाकलं. म्हणजे जिथे निदान आपलं म्हणतील असं वाटावं तिथलंही दार बंद. १९९८ मधे अमेरिकेत त्याच्यावर एका १७ वर्षांच्या मुलाने लैंगिक अत्याचाराचा आरोप केला, हा इंग्लंडला परतला आणि मे महिन्यात त्याने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत आरोप नाकारला होता आणि लिहिलं होतं की मला आधीच दोषी ठरवून टाकलंय. वय ३७.

ह्याच काळात रेसिझमविरुद्ध मात्र हळूहळू का होईना काम उभं राहत होतं. ऐंशीच्या दशकात माकडाचे आवाज दर शनिवारचे, सिरिल रेजिसची इंग्लंड टीममधे निवड झाली तर पोस्टाने बंदुकीची गोळी आली, १९८८ मधे एव्हर्टनच्या मैदानावर लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सने पायाशी पडलेलं केळं टाचेने मागे उडवलं तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण बऱ्याच टीममधे काळे खेळाडू होते, चांगले होते, आणि त्यांच्याशिवाय क्लबचं भागत नव्हतं. १९९१ च्या फुटबॉल ऑफेन्सेस कायद्याने वर्णद्वेषी चँटिंग गुन्हा ठरलं, १९९३ ला ती मोहीम सुरू झाली जी पुढे 'किक इट आउट' म्हणून नावारूपाला आली. त्या कायद्यात वंश, रंग, राष्ट्रीयत्व सगळं आहे, लैंगिकता नाही. कोण मागणार होतं? मागायला समोर यावं लागतं आणि समोर आलेल्या एकाचं काय झालं ते सगळे बघत होते.

गंमत म्हणजे ह्या शिव्या खायला गे असावं लागत नाही. चेल्सीचा ग्रॅम ल सो, बायको-मूल असलेला माणूस, पण 'गार्डियन'सारखा गंभीर पेपर वाचतो म्हणजे नक्की तसलाच अशी ड्रेसिंग रूमची अक्कल. फेब्रुवारी १९९९ मधे तो फ्री किक घ्यायला उभा असताना लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने त्याच्याकडे पाठ करून वाकून दाखवलं, आणि रेफरीने यलो कार्ड दाखवलं ल सोला, टाइमपास करतो म्हणून! त्याने मग बॉल नसताना फाउलरला कोपर मारलं. फाउलरला ह्या प्रकाराबद्दल दोन मॅचची बंदी, आणि कोकेन ओढल्याची नक्कल करत गोल साजरा केला म्हणून वेगळ्या चार. तेव्हाच्या फुटबॉलमधे कशाला किती भाव होता ते ह्या हिशोबात दिसतं.

चेल्सीच्या खेळाडूंना 'रेंट बॉय' (पैसे घेऊन पुरुषांबरोबर झोपणारा) म्हणून गाणं म्हणायची पद्धत तर वर्षानुवर्षं मस्करी म्हणून चालली. ऑगस्ट २०२१ मधे लिव्हरपूलच्या लोकांनी ते चेल्सीहून नॉरिचला लोनवर आलेल्या बिली गिल्मोरला ऐकवलं, तेही नॉरिचच्या मैदानावर, जिथे फशानूने तो गोल मारला होता. लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर क्लॉपने आपल्याच फॅन्सना हे बंद करा म्हणून सांगितलं. जानेवारी २०२२ मधे सरकारी वकिलांच्या खात्याने ते हेट क्राइममधे धरलं, २०२३ पासून एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) त्यासाठी क्लबवर कारवाई करायला लागली. वर्णद्वेषी चँटिंगचा कायदा १९९१ चा, तिथपासून मोजा.

दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजलेलं एक उदाहरण आहे, पण ते अमेरिकेतलं. सप्टेंबर २०२० मधे सॅन डिएगो लॉयल ह्या क्लबच्या एका काळ्या खेळाडूला वर्णद्वेषी शिवी पडली, मॅच संपल्यावर कळलं आणि क्लबने मिळालेला पॉइंट सोडून दिला. पुढच्याच आठवड्यात फिनिक्सविरुद्ध त्यांच्या कॉलिन मार्टिनला, जो उघडपणे गे आहे, एका जमैकन खेळाडूने जमैकन बोलीतली गे माणसाला देतात ती शिवी दिली असा आरोप झाला. गोंधळात रेफरीने आधी मार्टिनलाच रेड कार्ड दाखवलं, नंतर मागे घेतलं. हाफ टाइमला लॉयल ३-१ ने पुढे होते, कोच लँडन डोनोव्हन टीम घेऊन सरळ मैदानाबाहेर गेला. मॅच गेली, प्लेऑफमधे (बाद फेरीत) जायची संधीही गेली. समोरच्याने आरोप नाकारला तरी लीगने सहा मॅचची बंदी घातली, आधीच्या प्रकरणातल्या खेळाडूलाही सहाच.

आणि हे काही एका रेषेत सुधारत जाणारं प्रकरण नाही. १४ मे २०२२ ला पॅरिसच्या पीएसजी क्लबचा सेनेगलचा खेळाडू इद्रिसा गेये गे लोकांना पाठिंबा म्हणून काढलेली इंद्रधनुषी नंबराची जर्सी घालायला नको म्हणून मॅचला उतरलाच नाही, सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष मॅकी सॅल त्याच्या धार्मिक श्रद्धेचा आदर करा म्हणत त्याच्या पाठीशी उभे राहिले. आणि दोनच दिवसांनी, १६ मे ला, ब्लॅकपूलच्या १७ वर्षांच्या जेक डॅनियल्सने सांगितलं की मी गे आहे. फशानूनंतर ब्रिटनमधे खेळत असताना हे सांगणारा तो पहिला व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटू. ऑस्ट्रेलियाचा जॉश कॅव्हॅलो आदल्या वर्षी बोलला होता त्याचा आपल्याला आधार वाटला असं तो म्हणाला, आणि त्या कॅव्हॅलोला दरम्यान जानेवारीत मेलबर्नच्या मैदानावर स्टँडमधून तेच सगळं ऐकावं लागलं होतं जे फशानूने ऐकलं.