स्टिअरिंग रॅक बुश : घरच्या घरी बदल

स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणाऱ्या स्टिअरिंग रॅकचे लांब नळकांडे गाडीच्या क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या तुळईवर) ज्या रबरी आधारांत पकडलेले असते, त्यांना रॅक बुश किंवा रॅक माउंटिंग बुश म्हणतात. हे बुश रस्त्याचे बारीक हादरे शोषतात आणि त्याच वेळी रॅकला डावीकडे-उजवीकडे सरकू देत नाहीत. रबर दबले, चिरले किंवा तेलाने फुगले की दुसरे काम बिघडते. चालक स्टिअरिंग फिरवतो तेव्हा चाकांच्या आधी रॅकच जागेवरून सरकतो. पिकअप आणि छोट्या मालवाहू गाड्यांवर हा दोष नेहमी आढळतो. साध्या हत्यारांनी, सपाट फरशी असलेल्या पार्किंगमध्ये तो दुरुस्त करता येतो.

पुण्यात ‘रॅक बुश’ हा शब्द दोन वेगळ्या भागांसाठी वापरला जातो आणि त्यातून चुकीचा माल घरी येतो. एक म्हणजे वर सांगितलेला बाहेरचा रबरी बुश. दुसरा नळकांड्याच्या आत, पिनियनच्या (स्टिअरिंगने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) विरुद्ध टोकाला असतो. तो नायलॉनसारख्या प्लास्टिकचा किंवा धातूचा असून त्यात दातेरी दांडा सरकतो. हा आतला बुश बदलायला रॅक पूर्ण उघडावा लागतो, हायड्रॉलिक रॅक असेल तर सीलही बदलावे लागतात. ते घरचे काम नाही. ही नोंद बाहेरच्या बुशाबद्दल आहे.

गाडीला रॅक आहे का, हे आधी पाहावे. पुढून खाली डोकावल्यावर आडवे नळकांडे आणि त्याच्या दोन्ही टोकांना घड्या असलेले रबरी बूट दिसले तर रॅक आहे. चेसिसला बोल्ट केलेला बॉक्स आणि त्यातून खाली आलेला ड्रॉप आर्म दिसला तर तो स्टिअरिंग बॉक्स. पुण्यात बनलेला, १९८६ साली बाजारात आलेला टाटा ४०७ आणि त्याहून मोठे ट्रक बॉक्सवाले आहेत. त्यांच्या स्टिअरिंगमध्ये प्ले (मोकळी चाल) आला तर किंगपिन (चाक ज्याभोवती वळते ती पिन), ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि बॉक्स तपासायचे असतात. मारुती सुपर कॅरी, इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स यांना मात्र रॅक असतो.

एक मिलिमीटर किती महागात पडतो

स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४२ मिमी सरकतो आणि स्टिअरिंग व्हीलचा व्यास ३८ सेंमी आहे असे धरू. व्हीलचा घेर सुमारे ११९४ मिमी भरतो. म्हणजे नळकांडे बुशात केवळ १ मिमी सरकले, तरी व्हीलच्या कडेवर सुमारे २८ मिमी प्ले जाणवतो. बऱ्याच सर्व्हिस मॅन्युअलांत कडेवरच्या प्लेची कमाल मर्यादा ३० मिमीच्या आसपास दिलेली असते. एकट्या बुशाने ती जवळजवळ खाऊन टाकली की टाय रॉड (रॅक आणि चाक जोडणारा दांडा), कॉलमचा (स्टिअरिंगखालच्या दांड्याचा) क्रॉस जॉइंट आणि पिनियन कितीही चांगले असले तरी गाडी ढिली वाटते. बुश हातात घेतला तर दिसायला फारसा झिजलेला नसतो, म्हणून तो दुर्लक्षिला जातो आणि खर्च पूर्ण रॅकवर होतो.

दोषाची ओळख

सरळ रस्त्यावर गाडी भरकटते आणि हात सतत दुरुस्ती करत राहतात. स्पीडब्रेकर तिरका ओलांडताना पायांखाली खटखट येते. वळण घेताना आधी काहीच होत नाही, मग गाडी एकदम वळते. सासवडहून भाजी किंवा अंजीर-सीताफळे भरून दिवे घाटाने मार्केट यार्डकडे उतरणाऱ्या पिकअपमध्ये हे लवकर कळते, कारण प्रत्येक वळणावर रॅक आळीपाळीने दोन्ही बाजूंना रेटला जातो. पावसाळ्यानंतर, खड्ड्यांचे चार महिने सोसून झाल्यावर, तक्रारी वाढतात.

ही लक्षणे टाय रॉडच्या आतल्या बॉलचीही असू शकतात, म्हणून तपासणी नीट करावी. चाके जमिनीवरच ठेवावीत. जॅकवर उचललेल्या गाडीत चाके सहज फिरतात, रॅकवर जोर येत नाही आणि दोष लपतो. एकाने स्टिअरिंग मध्यापासून दोन्ही बाजूंना २०-३० अंश झटक्याने हलवावे. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. दुसऱ्याने बाजूने टॉर्च मारून पाहावे, पण हात किंवा डोके चाक आणि बेल्टजवळ नेऊ नये. नळकांडे क्रॉस मेंबरच्या तुलनेत सरकत असेल तर बाहेरचे बुश गेले. नळकांडे स्थिर राहून आतला दांडा वर-खाली उडत असेल तर आतला बुश. दांडा सरकतो पण टाय रॉड उशिरा हलतो, तर आतला बॉल. रॅकपर्यंत काहीच पोहोचत नसेल तर कॉलमच्या खालचा क्रॉस जॉइंट. नळकांडे आणि क्रॉस मेंबर यांवर खडूची एकच सलग रेघ ओढली तर अर्ध्या मिलिमीटरची सरकही दिसते.

माल आणण्याआधी

क्लॅम्पखालचा (नळकांडे आवळून धरणाऱ्या पट्टीखालचा) बुश एका बाजूने चिरलेला, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा असतो. दुसऱ्या प्रकारात नळकांड्याच्या ओतीव कानात पोलादी नळी असलेला गोल बुश दाबून बसवलेला असतो. बऱ्याच रॅकना दोन टोकांना दोन वेगळे बुश असतात. उजव्या हाताच्या गाडीत पिनियन चालकाच्या बाजूला येतो, त्यामुळे तिकडचा आधार जास्त जाड किंवा वेगळ्या आकाराचा असणे साहजिक आहे. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना चेसिस नंबर आणि शक्य असेल तर जुना बुश सोबत न्यावा. फक्त मॉडेलचे नाव सांगू नये, एकाच मॉडेलच्या साध्या आणि पॉवर स्टिअरिंगच्या रॅकचे बुश वेगळे असू शकतात. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि लांबी मोजून घ्यावी. दोन्ही बाजूंचे बुश एकत्रच बदलावेत. एक कडक आणि एक मऊ राहिला तर डावे वळण एका तऱ्हेने जाणवते आणि उजवे दुसऱ्या.

पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते रबरापेक्षा बरेच कडक असल्याने स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देते, पण प्रत्येक खड्डा हातात येतो आणि सोबतचे सिलिकॉन ग्रीस लावले नाही तर चरचर वाजतात. दिवसभर माल वाहणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीचे रबरच योग्य.

बुशासोबत नवे नायलॉक नट आणि टाय रॉडच्या स्प्लिट पिना घ्याव्यात. हत्यारांत रिंग पाने, सॉकेट, टॉर्क पाना, बॉल जॉइंट पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, दोन मजबूत स्टँड आणि मागच्या चाकांसाठी ठोकळे हवेत.

काम

गाडी काँक्रीटवर किंवा पक्क्या फरशीवर, सरळ चाकांनी उभी करावी. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक पावसात खचतात आणि स्टँड तिरका होतो. तिथे काम करायचेच असेल तर स्टँडखाली जाड लाकडी फळी द्यावी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावेत. जॅकने उचलून स्टँड चेसिसखाली लावावेत, लोअर आर्मखाली नाही. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नये.

स्टिअरिंग मध्यावर ठेवून सीटबेल्ट व्हीलच्या आऱ्यांमधून घेऊन बक्कलमध्ये अडकवावा, म्हणजे ते फिरत नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचे आहे. कॉलम सुटलेला असताना व्हील गरागरा फिरले तर आतली क्लॉक स्प्रिंगची (एअरबॅगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली) पट्टी तुटते आणि बुशाच्या कित्येक पट खर्च येतो. बॅटरीची निगेटिव्ह वायरही काढून ठेवावी.

क्लॅम्पवाला बुश बहुतेक वेळा रॅक न काढताच बदलता येतो. बोल्ट ब्रशने साफ करून स्प्रे मारून थोडा वेळ थांबावे. एका बाजूचा क्लॅम्प पूर्ण काढावा, दुसऱ्या बाजूचे बोल्ट दोन-तीन आटे ढिले करावेत. टॉमीने (लोखंडी पहारीने) नळकांडे १०-१५ मिमी उचलले की चिरलेला बुश फिरवून बाहेर येतो. टॉमीचा जोर हायड्रॉलिक पाइपवर किंवा रबरी बुटावर येऊ देऊ नये. बसण्याची जागा गंज आणि जुने चिकटलेले रबर निघेपर्यंत घासावी. तिथे पापुद्रा राहिला तर क्लॅम्प घट्ट वाटतो, पण पापुद्रा चुरल्यावर पुन्हा ढिला पडतो. नवा बुश बसवताना चीर आणि उंचवटा जुन्या बुशाच्याच दिशेला हवा. रबर सरकवायला साबणाचे पाणी वापरावे. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावले तर नैसर्गिक रबर फुगून मऊ पडते.

कानातला गोल बुश असेल तर रॅक बाहेर काढावा लागतो, किंवा निदान पुढे ओढावा लागतो. पिनियनचा दांडा आणि कॉलमचा जॉइंट यांवर रंगाची खूण करावी. जॉइंटचा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो दांड्याच्या खाचेत अडकलेला असतो. न काढता हातोडा मारल्यास पिनियनच्या बेअरिंगवर घाव बसतो. टाय रॉड एंड पुलरने सोडवावा. पुलर नसेल तर नट दोन आट्यांवर ठेवून नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) कानाला दोन हातोड्यांनी समोरासमोर ठोकावे, टेपर सुटतो. काट्याचे हत्यार घातले तर एंडचा रबरी बूट फाटतो.

जुना बुश लांब बोल्ट, जाड वॉशर आणि योग्य मापाची पाइप किंवा सॉकेट घेऊन ओढून काढावा. रबर जाळून काढण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती टाळावी. शेजारीच तेलाचे सील आणि बूट असतात, धूरही विषारी असतो. बाहेरची पोलादी कडी अडली तर हॅकसॉच्या पात्याने आतून काप द्यावा आणि कानाच्या भिंतीला पाते लागायच्या आत थांबावे. नवा बुश दाबताना जोर बाहेरच्या कडीवरच यावा. आतल्या नळीवर जोर आला तर रबर पहिल्याच दिवशी कडीपासून सुटते.

बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. मॅन्युअलातला टॉर्क पाळावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असेल तर १० मिमी बोल्टची नेहमीची मर्यादा ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि १२ मिमीची ८० ते ८५ न्यूटन-मीटर असते. क्लॅम्पखाली रबर असेल तर आकडा यापेक्षा कमी असू शकतो. सस्पेन्शन आर्मचे बुश गाडीचा भार चाकांवर घेऊन आवळतात, कारण ते आर्मसोबत पिळतात. रॅक पिळला जात नाही, म्हणून त्याचे बोल्ट स्टँडवर आवळले तरी चालतात. टाय रॉडच्या कॅसल नटचे भोक जुळले नाही तर तो पुढेच आवळावा, मागे सोडू नये.

पॉवर स्टिअरिंगचे पाइप उघडले असतील तर त्याच्या तेलाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेले तेलच भरावे. चाके उचललेली ठेवून इंजिन बंद असताना स्टिअरिंग अनेकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवावे, पातळी भरत राहावी, मग इंजिन चालू करून तेच करावे. टोकाला पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नये, पंप तापतो. शेवटी पूर्ण वळणावर ब्रेकचा होज किंवा वायर कुठे ताणली जात नाही ना, ते पाहावे.

त्याच दिवशी टो (पुढची चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) तपासून घ्यावा, टाय रॉड सोडलेला नसला तरी. झिजलेल्या बुशांवर रॅक थोडा खाली किंवा तिरका बसलेला असतो आणि मधल्या काळात कोणी टो त्याच चुकीच्या जागेवर जुळवलेला असू शकतो. स्टिअरिंग अँगल सेन्सर असलेल्या गाडीत स्कॅनरने शून्य जुळवावे लागते. सुमारे ५०० किमीनंतर बोल्टांचा टॉर्क एकदा पाहावा.

कुठे बिघडते

सर्वांत घातक उपाय म्हणजे प्ले आला की रॅकचा ॲडजस्टर आवळणे. हा नट दातेरी दांड्याला पिनियनवर दाबून ठेवणाऱ्या प्लंजरचा असतो. बुशाच्या सरकीशी त्याचा काही संबंध नाही. जास्त आवळला की स्टिअरिंग जड होते, वळणानंतर आपोआप मध्यावर येत नाही आणि मधले दात लवकर झिजतात. नंतर खरेच पूर्ण रॅक बदलावा लागतो. घाटात वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग न परतणे हा ढिल्या स्टिअरिंगपेक्षा मोठा धोका आहे.

दुसरा प्रकार क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालण्याचा. पहिले काही दिवस आवाज थांबतो. पण ट्यूबचे पातळ रबर एका बाजूला सरकून पिंजते आणि नळकांडे मध्यापासून हलते. मग टाय रॉडचा कोन बदलतो आणि खड्ड्यात चाक वर जाताच गाडी स्वतःहून वळते.

नवे बुश काही महिन्यांतच मऊ पडले तर दोष मालाचा आहे असे लगेच धरू नये. वर कुठे इंजिनचे तेल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल गळत आहे का, ते पाहावे. गळती थांबवल्याशिवाय कोणत्याही प्रतीचे रबर टिकत नाही. क्रॉस मेंबरमधली बोल्टची भोके लांबट झाली असतील, तिथे तडा असेल किंवा बोल्टचे आटे गेले असतील, तर घरचे काम तिथेच थांबवून गाडी ओढून वर्कशॉपला न्यावी. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे पासिंग दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. त्यात स्टिअरिंगचा प्ले पाहिला जातो, म्हणून हे काम पासिंगच्या तारखेआधी आणि अलाइनमेंटसाठी एक दिवस हाताशी ठेवून करावे.