पाय बुडतात म्हणून जोरात किक मारताय? आधी डोकं खाली घ्या

पोहण्यातली फ्रीस्टाइल शिकताना कोणीतरी सांगतंच, "पाय खाली जातायत, अजून जोरात मार." वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. हवा भरलेली फुफ्फुसं छातीत, त्यामुळे पाणी आपल्याला वर ढकलतं ते छातीपाशी, आणि वजनाचा मध्य त्याच्या खाली कंबरेकडे, मग शरीर तराजूसारखं पायांकडे कलतं, आणि त्यात तुम्ही समोर बघायला डोकं वर काढलंत की संपलंच, कंबर अजून खाली. नजर तळाकडे ठेवा, छाती पाण्यात किंचित खाली दाबा, पोट सैल सोडू नका, श्वास घेताना डोकं बाजूला वळवा, उचलू नका. बऱ्याच जणांचे पाय एवढ्यावरच वर येतात.

आता किक. ती गुडघ्यातून नाही, मांडीपासून यायला हवी. गुडघा थोडा वाकणारच, तो एकदम ताठ ठेवा म्हणणारेही भेटतात, त्यांचं ऐकू नका. घोटा सैल, बोटं मागे. घोटा आखडला तर पाय ब्रेकच लावतो, मग कितीही फेस उडवा. शिवाय मांड्यांचे मोठे स्नायू ऑक्सिजन भरपूर खातात, म्हणून तर ५० मीटरला ६ बीट किक (दोन्ही हातांच्या एका फेरीत सहा किक) मारतात आणि लांब अंतरावर बरेच जण २ बीटवर येतात.

आणि हो, किकबोर्ड (हातात धरायची तरंगती पाटी) धरून समोर बघत बसलात तर नेमकी तीच चुकीची पोझिशन पक्की होते. बोर्ड सोडा, हात पुढे ताणा, तोंड पाण्यात ठेवून किक करा.