चोवीस तास सत्ता सोपवणारी नाती: नियम कुठून आले?

किंक, म्हणजे चाकोरीबाहेरची लैंगिक आवड, म्हटलं की डोळ्यांसमोर दोरखंड आणि चामडी पट्टे येतात. पण चोवीस तास सत्ता सोपवून राहणाऱ्या जोडप्यांचं जगणं बघितलं तर ते बरंचसं घरगुती निघतं. पैशांचा हिशेब कोणी ठेवायचा, कपडे कुठले घालायचे, फोन किती वाजता बाजूला ठेवायचा, असे निर्णय एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेले असतात. देणारी व्यक्ती सज्ञान असते, राजीखुशीने देते आणि दिलेलं केव्हाही परत घेऊ शकते. या अटी आज गृहीत धरल्या जातात, पण त्या एकेक करून, बहुतेक वेळा कुणाला तरी फटका बसल्यावर आल्या.

अशा नात्याचा लेखी करार आपल्याला १८६९ सालचा सापडतो. ऑस्ट्रियन लेखक लिओपोल्ड फॉन झाखर-माझोख याने फॅनी पिस्टोर या स्त्रीला लिहून दिलं की सहा महिने मी तुझा गुलाम. तिने शक्य तेव्हा फर घालावी, विशेषतः निष्ठुरपणे वागताना, अशीही त्यात अट आहे. मला मात्र त्यातली दुसरी कलमं जास्त बोलकी वाटतात. रोजचे सहा तास त्याच्या लेखनासाठी राखून ठेवायचे, त्याची पत्रं आणि कागद बघायचे नाहीत, माणूस आणि नागरिक म्हणून बेअब्रू होईल असं काही मागायचं नाही. गुलामाने आधी स्वतःच्या मर्यादा आखून घेतल्या आणि मग गुलामी पत्करली. आज ज्याला ‘लिमिट्स’ ठरवणं म्हणतात, ते हेच.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंगने याच लेखकाचं आडनाव ‘मॅसोकिझम’ म्हणून एका विकृतीला चिकटवलं, तेही तो हयात असताना. तिथून हा विषय कित्येक दशकं डॉक्टर आणि पोलीस यांच्याच दप्तरात राहिला.

तो तिथून बाहेर काढला अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटरसायकल क्लब निघाले. लॉस एंजेलिसचा ‘सॅटर्स’ १९५४ मधला. चामड्याचे कपडे घालणाऱ्या या ‘लेदर’ मंडळींत नवख्याने जुन्याकडून शिकायचं अशी रीत होती. त्या काळच्या कडक शिस्तीच्या कथा आजही रंगवून सांगतात. त्यात खरं किती आणि नंतरचा मुलामा किती, यावर तिथल्या जुन्या लोकांचंच एकमत नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला अशी आवड असणाऱ्यांची ‘युलेनश्पिगल सोसायटी’ निघाली, १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘सोसायटी ऑफ जेनस’. बायका, पुरुष, समलिंगी, भिन्नलिंगी असे सगळे एका खोलीत बसून बोलू लागले. १९७८ साली याच आवडीच्या लेस्बियन स्त्रियांनी ‘सॅम्वा’ हा गट काढला, तेव्हा स्त्रीवादी चळवळीत रणकंदन झालं: बाईने अधीन राहणं मागितलं तर ती मोकळी की पुरुषसत्तेने शिकवलेली? तो वाद मिटलेला नाही, आणि तो फालतूही नव्हता.

१९८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका समलिंगी संघटनेने ‘सेफ, सेन, कन्सेन्शुअल’ हे सूत्र लिहून काढलं. सुरक्षित, शहाणपणाचं, संमतीचं. आपण गुन्हेगार किंवा वेडे नाही, हे बाहेरच्या जगाला सांगणं हाही त्यामागचा हेतू होता. जग मात्र लगेच ऐकेना. १९८७ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या हाती काही पुरुषांच्या, राजीखुशीने एकमेकांना इजा करतानाच्या, खाजगी व्हिडिओ टेप लागल्या. एकानेही तक्रार केलेली नव्हती, तरी १९९० मध्ये सोळा जण दोषी ठरले. १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की अशा इजेला संमती हा बचाव नाही. १९९७ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्या शिक्षा उचलून धरल्या.

तोवर इंटरनेट आलं होतं. ‘टोटल पॉवर एक्स्चेंज’, म्हणजे सगळी सत्ता सोपवणं, हा शब्दप्रयोग तिथल्याच चर्चांतून रुळला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे काही जण नुसते बर्गर खायला भेटू लागले, आणि साध्या कपड्यांत, हॉटेलात, काहीही ‘न करता’ भेटण्याची ‘मंच’ची (इंग्रजी ‘munch’) प्रथा पडली. माझ्या मते समुदाय घडवण्यात चाबकांपेक्षा या बर्गरचा वाटा मोठा. कुठला डॉमिनंट (सत्ता हाती घेणारा) सेफवर्ड, म्हणजे ‘थांब’ सांगणारा ठरलेला शब्द, पाळत नाही, ही बातमी अशाच टेबलावर नवख्यांच्या कानी जाते. वैद्यकशास्त्रही मागून आलं: जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी संमतीच्या अशा वागण्याला आजार मानत नाही.

हे सगळं पाश्चात्त्य, असं म्हणणाऱ्यांनी वात्स्यायन उघडावा. प्रणयातल्या प्रहारांबद्दल लिहिताना तो कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाचं नाव घेतो: ‘कर्तरी’ नावाच्या प्रहाराने त्याच्या हातून महाराणी मलयवती दगावली. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचं घराणं. दाक्षिणात्यांचे हे प्रकार वात्स्यायनाला पसंत नाहीत. यावरून किंकची प्राचीन परंपरा सिद्ध करणं ओढूनताणून होईल. पण अपघात नोंदवून पुढच्याला सावध करायची रीत तेव्हाही होती, एवढं नक्की.

भारतात ‘किंकी कलेक्टिव्ह’ हा गट २०११ पासून संमतीबद्दल उघडपणे बोलत आला आहे. मुंबईसारख्या शहरांत मंच होतात. टोपणनावं चालतात, फोटो चालत नाहीत. नोकरी आणि घर सांभाळायचं असतं. कायद्याचं चित्र मिश्र आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ प्रमाणे अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल, आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचा हेतू वा संभव नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्याने त्याचं उदाहरण दिलंय ते तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं; शयनगृहाचा उल्लेख नाही. गुलामीच्या कराराला कोर्टात अर्थातच कवडीची किंमत नाही. तो कागद बोलणी करायला, आणि काही महिन्यांनी पुन्हा बसून बदलायला.

आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: नवऱ्याच्या आज्ञेत राहणाऱ्या बायका घरोघरी आहेत, मग यात नवीन काय? नवीन आहे ते ‘नाही’ म्हणायची सोय. इथे सबमिसिव्हने (सत्ता सोपवणाऱ्याने) सेफवर्ड उच्चारला की थांबायचं, आणि न थांबणाऱ्याला मंडळी पुन्हा बोलवत नाहीत. लग्नात मात्र त्याच संहितेच्या कलम ६३ मधला अपवाद अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीच्या संभोगाला बलात्कार मानत नाही.