[अ-ह] मध्ये बेळगाव का मावत नाही

खडेबाजारातलं छपाईचं दुकान असो की खानापूरकडची सोसायटी, सीमाभागात एकाच फाइलीत मराठी आणि कन्नड नावं शेजारी शेजारी नांदतात. त्यातलं मराठी तेवढं वेगळं काढायला टेक्स्ट एडिटरच्या शोधखिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितात, म्हणजे नेमका शब्द न देता शब्दाचा साचा देतात. स्टीफन क्लेनी यांच्या गणितातली ही कल्पना केन थॉम्प्सन यांनी १९६०च्या दशकात एडिटरमध्ये आणली. इंग्रजीत 'ए ते झेड' म्हटलं की बहुतेक काम भागतं.

आता [अ-ह]+ हा साचा लावून बघा, म्हणजे 'अ ते ह यांतली एक किंवा अधिक सलग चिन्हं'. 'बेळगाव' अख्खं सापडत नाही. 'ब', 'ळग', 'व' असे तुकडे हाती येतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिपीचिन्हांच्या मानक यादीत, प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक असतो. अ २३०९ वर, ह २३६१ वर. काना थेट २३६६ वर, तर अनुस्वार २३०६ वर, म्हणजे 'अ'च्याही अलीकडे. मात्रा, वेलांट्या, उकार सगळे कुंपणाबाहेर.

पण मात्रा सुटी असण्यात सोयही आहे. साच्यात प्रश्नचिन्ह म्हणजे 'आधीचं चिन्ह असेल किंवा नसेल'. त्यामुळे 'बेळगावी?' लिहिलं की ऐच्छिक ठरते फक्त शेवटची वेलांटी, आणि आपलं बेळगाव व २०१४ पासूनचं सरकारी बेळगावी दोन्ही एकदम सापडतात.

कन्नड बाजूला काढणं त्या मानाने सोपं. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१, कन्नडचा ३२०० ते ३३२७. दोन्हींची मांडणी इस्की या भारतीय लिप्यांच्या संगणकी मानकावरून घेतलेली, म्हणून आपल्या 'क'मध्ये ८९६ मिळवले की कन्नड 'क' येतो; 'ळ'चंही तसंच. मात्र या बेरजेवर विसंबून लिप्यंतर करू नये. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे. 'बेळगावी'त ८९६ मिळवले तर 'बे' आणि 'वी' दोन्ही दीर्घ होतात. कन्नडमध्ये दोन्ही ऱ्हस्व हवेत.

मराठीसाठी मग [अ-ह] ऐवजी अख्खा देवनागरी पट्टाच द्यावा. त्यात दंड आणि आकडेही येतात, पण ते नंतर गाळता येतात. वकिलांच्या यादीत तरीही एक खोच उरते. 'ॲड.' मधला ॲ कुणी एकाच चिन्हाने टाइप करतो, कुणी 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला सारखेच, क्रमांक वेगळे. तिथे (ॲ|अॅ)ड असंच लिहावं लागतं; मधली उभी रेघ म्हणजे 'हे किंवा ते'.