फ्लाय लाइनला खोबरेल तेल लावावं का?

“लाइन बुडायला लागली की तिला खोबरेल तेल चोळा, पुन्हा तरंगेल.” फ्लाय लाइन म्हणजे नकली माशी लावलेला गळ दूर फेकायची जाड दोरी. इंदूरच्या गळवाल्या मंडळींत तिच्याबद्दलचा हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो निव्वळ हवेतून आलेला नाही. पूर्वी फ्लाय लाइन रेशमाची असे. रेशीम पाणी पितं, म्हणून तिला ग्रीस चोळावंच लागे.

आजची लाइन वेगळी. आत विणलेला नायलॉनचा गाभा, वर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर. तरंगणाऱ्या लाइनच्या थरात बहुधा काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेले असतात. त्यामुळे ती पाण्याहून हलकी. मग बुडते का? वर शेवाळ, गाळ, धूळ बसते. मळक्या लाइनला पाणी चिकटतं आणि मळाचं वजनही वाढतं. तेलावर आणखी धूळ बसते, म्हणजे आगीत तेलच! पेट्रोल किंवा थिनरने पुसणं तर फारच वाईट. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य निघून जातं आणि थर तडकतो. डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलमही थर खराब करतं, म्हणून ते हाताला असेल तर लाइनला हात लावण्याआधी तो धुवा.

खात्री घरीच करा. लाइनचा मळका भाग बादलीत सोडून बघा. मग नळाला येणारं आपलं नर्मदेचं पाणी कोमट करून, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने तोच भाग पुसा. साबण नीट निघू द्या, कारण उरलेला साबणही लाइन बुडवतो. सावलीत वाळवून पुन्हा बादलीत सोडा. फडकं किती काळं झालं तेही बघा. थराला भेगा असतील तर मात्र धुऊन भागणार नाही, लाइन बदलावीच लागेल.