क्लार्कचा पाय जिथं रुतला

आमच्या खानापूरला मलप्रभेचं पाणी उतरलं की कडेच्या ओल्या वाळूत नुसतं उभं राहायचं, टाचा हळूहळू आत जायला लागायच्या आणि जाम मजा यायची. हाच अनुभव 3 नोव्हेंबर 1805 ला एका माणसानं डायरीत लिहून ठेवला आणि ती नोंद पुढं चक्क ज्वालामुखीचा पुरावा ठरली.

तो विल्यम क्लार्क. मेरिवेदर लुईस आणि क्लार्क यांची अमेरिका आरपार ओलांडणारी मोहीम, 1804 ते 1806, मिसुरी नदीनं वर चढायचं, डोंगर ओलांडायचे आणि कोलंबिया नदीनं पॅसिफिकला उतरायचं, कारण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना समुद्रापर्यंत पाण्याचा रस्ता पाहिजे होता. वाटेत कोलंबियाला एक नदी मिळते, क्लार्क ती चालत पार करायला गेला तर पायाखालची वाळूच सरकायला लागली, म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं क्विकसँड रिव्हर. आज तिला सँडी म्हणतात.

वाळू अशी का होते? एरवी कण एकमेकांना टेकून असतात म्हणून ती आपलं वजन पेलते, पण कणांमध्ये पाणी दाबानं भरलं की ते कणांना एकमेकांपासून सोडवतं आणि घट्ट वाटणारी जमीन पातळ होते. आणि सँडीत एवढी वाळू आली कुठनं, तर वरच्या माउंट हूड या ज्वालामुखीतनं. 1780 च्या दशकात तो जागा झाला, तापलेले दगड बर्फावर कोसळले, बर्फ वितळून चिखलाचा लोंढा झाला आणि दरीतनं थेट खाली आला. क्लार्कनं बघितली ती हीच वाळू, जेमतेम वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची! नंतर नदीनं ती हळूहळू वाहून नेली, आज तिथं तसं उथळ पसरट पात्र नाही. ती डायरी नसती तर तेव्हाची नदी कशी दिसायची हे डोळ्यांनी बघून सांगणारं कोण होतं?

म्हणून तिथं अमेरिकन कलाकार माया लिन यांनी जे केलंय ते मला फार आवडतं. पुतळा नाही, घोडा नाही. सँडीच्या मुखाजवळ झाडीतनं एक पायवाट जाते आणि शेवटी पक्षी बघायची लाकडी खोली लागते, तिच्या पट्ट्यांवर मोहिमेनं नोंदवलेल्या 134 सजीवांच्या जातींची नावं कोरलीत, आणि प्रत्येक नावाखाली ती जात आज कुठल्या अवस्थेत आहे तेसुद्धा. म्हणजे चालत चालत तुम्ही 1805 आणि आज शेजारी शेजारी वाचता. कोलंबिया समुद्राला मिळते तिथं, केप डिसअपॉइंटमेंटला, फळ्यांच्या वाटेवर डायरीतल्याच ओळी आहेत आणि दुसऱ्या वाटेवर तिथल्या मूळच्या चिनूक लोकांचे शब्द, कारण ते तिथं आधीपासनं होते, ही नदी कोणी शोधून वगैरे काढलेली नव्हती.

आपल्या मलप्रभेचं असं कोण लिहून ठेवतंय? कणकुंबीला उगम पावते, घाटमाथ्यावर, पश्चिमेचा समुद्र एवढा जवळ असून उलटी पूर्वेला जाते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते. पावसात पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं, वाळू कुठं साठली, कुठला पक्षी कुठल्या महिन्यात दिसला, एवढंच लिहायचंय. मी या जूनपासनं एक वही केलीय, घाटावर जाताना पिशवीत टाकते. पहिली ओळ अशी आहे: पाणी वरनं सहाव्या पायरीला, गढूळ, तांबडं, बगळे चार.